एकच ‘टर्न डाउन’, चार शब्दकोश आणि टपरीवरची पुस्तिका

कळंगुट-कांदोळी पट्ट्यात हॉटेलच्या नोकरीला लागलेल्या पोरांना ‘टर्न डाउन’ लवकरच तीन तोंडांनी भेटतं. हाउसकीपिंगच्या तक्त्यावर संध्याकाळच्या पाळीत ‘टर्नडाउन’ लिहिलेलं असतं: पलंगपोस काढायचा, पांघरायची चादर एका बाजूने दुमडायची, पडदे ओढायचे, दिवे मंद करायचे. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली आहे. ती उलटून गेली की एखादा पाहुणा रिसेप्शनला फोन करतो, ‘कॅन यू टर्न इट डाउन?’ म्हणजे आवाज कमी करा. आणि चवथीसाठी केलेला रजेचा अर्ज ‘टर्न्ड डाउन’ होऊन आला, तर गणपती बाप्पाला फोनवरूनच नमस्कार.

शब्द तेच दोन, कामं तीन. इंग्रजीतली फ्रेझल व्हर्ब म्हणतात ती ही. ‘टर्न’ येतो, ‘डाउन’ येतो, पण दोन्ही एकत्र आले की काय होईल ते आधी सांगता येत नाही. गोव्यात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांची इथेच दमछाक होते. ‘रिजेक्ट’ त्यांना येतो, पाठ्यपुस्तकात असतो. ‘टर्न डाउन’ कानावर पडतो, पण पुस्तकात सरळ भेटत नाही.

म्हणून एका ‘टर्न डाउन’ची कसोटी घेऊन पाच साधनं तपासली: बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर मिळते तसली फ्रेझल व्हर्बची पुस्तिका, आणि लाँगमन, ऑक्सफर्ड, केंब्रिज व कॉलिन्स कोबिल्ड हे शिकणाऱ्यांसाठीचे चार कोश. चारही वेबवर फुकट बघता येतात. मोबाइलवर मधे मधे जाहिराती सोसाव्या लागतात, तेवढंच भाडं.

पुस्तिकेचा निकाल आधी लावू, कारण तिला वेळ लागत नाही. डावीकडे फ्रेझल व्हर्ब, उजवीकडे मराठी अर्थ, खाली एक वाक्य. ‘टर्न डाउन’समोर ‘नाकारणे’. झालं. हा अर्थ खोटा नाही, पण एवढ्या शिधोरीवर निघालेला माणूस पहिल्या वळणावरच अडकतो. ‘त्याने यायला नकार दिला’ हे तो ‘ही टर्न्ड डाउन टू कम’ असं करतो. ते चूक आहे, आणि का चूक आहे हे पुस्तिकेच्या रचनेतच मावत नाही. शिवाय यादी अक्षरक्रमाने असल्यामुळे टर्न अवे, टर्न डाउन, टर्न इन, टर्न ऑफ, टर्न अप एकाच पानावर एका बैठकीत पाठ करायला घेतले जातात. तोंडवळा सारखा आणि अर्थ वेगळे, अशा गोष्टी एकदम पाठ केल्या की एकमेकींत मिसळतात. दुसऱ्या दिवशी ‘टर्न अप’ म्हणजे हजर होणं की नाकारणं, असा गोंधळ ठरलेला. उजळणीपुरती ही पुस्तिका ठीक. शिकण्यासाठी पैसे घालवू नयेत.

खरं तर मराठी माणसाला हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. ‘लावणे’ घ्या. दिवा लावणे, झाड लावणे, कडी लावणे, टीव्ही लावणे, नाट लावणे, वाट लावणे. ‘करून टाक’ म्हणताना कोण काय टाकतंय हे कुणी विचारत नाही. आपण हे सगळं यादीतून शिकलो नाही, कशाला काय लावतात ते ऐकून शिकलो. कोशाकडून तेच हवं: अर्थ कमी दिला तरी चालेल, पण कशाबरोबर काय येतं ते नीट सांगा.

पहिला प्रश्न: कर्म कुठे बसवायचं? इथे लाँगमन सगळ्यांत स्वच्छ. तो नोंदीच्या डोक्यावरच कर्माची जागा दाखवतो आणि ‘डाउन’च्या आधी दोन्हीकडे टोकं असलेला एक बाण छापतो. त्या बाणाचा अर्थ, कर्म मधेही चालतं आणि शेवटीही चालतं. ‘शी टर्न्ड द ऑफर डाउन’ बरोबर, ‘शी टर्न्ड डाउन द ऑफर’ही बरोबर. कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘मडगावच्या हॉटेलातून आलेली रात्रपाळीची ऑफर’ असं काही, तर ते शेवटीच ठेवावं. मधे घातलं तर ‘डाउन’ची वाट बघत ऐकणारा थकतो. मात्र सर्वनाम आलं की निवड संपली. इट, हिम, मी, देम ही मधेच. ‘टर्न्ड इट डाउन’, ‘टर्न्ड मी डाउन’. ‘टर्न्ड डाउन इट’ कुणी म्हणत नाही. बाण सर्वनामाचा हा नियम बोलून दाखवत नाही, तो आपण लक्षात ठेवायचा. आणि ज्या फ्रेझल व्हर्बला बाण नाही, तिथे कर्म नोंदीत दाखवलेल्या जागीच ठेवायचं. उदाहरणार्थ ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, ती तोडायची नाही. तिथे सर्वनामही शेवटीच: ‘पुट अप विथ इट’. एवढा एक बाण वाचायला शिकलं की अर्ध्या चुका संपतात.

कॉलिन्स हेच वेगळ्या रीतीने सांगतो. बऱ्याच उदाहरणांच्या शेवटी चौकटी कंसात क्रम लिहितो: क्रियापद, नाम, मग डाउन, किंवा क्रियापद, डाउन, मग नाम. बाणाइतकं झटकन दिसत नाही, पण कुठलं वाक्य कुठल्या साच्यातलं ते वाक्यावरच कळतं. कॉलिन्सची खरी ताकद व्याख्येत आहे. 1987 साली कोबिल्ड पहिल्यांदा निघाला तेव्हापासून त्याची व्याख्या पूर्ण वाक्यात असते: तुम्ही एखाद्या माणसाला किंवा त्याच्या विनंतीला, ऑफरला टर्न डाउन केलंत तर तुम्ही ती नाकारता, अशा थाटात. व्याख्या वाचतानाच कर्म कोण असतं ते कळतं. माणूस चालतो, विनंती चालते, ऑफर चालते. ऑक्सफर्डही हे सांगतो की ऑफर जशी टर्न डाउन होते तसा ती देणारा माणूसही होतो. म्हणून ‘लग्नाचं विचारलं, तिने नाही म्हटलं’ याला ‘शी टर्न्ड हिम डाउन’ एवढं पुरतं.

आता जिथे चारही कोश हात टेकतात ती जागा. दोष त्यांचा नाही, ते मराठी वाचकासाठी लिहिलेलेच नाहीत. मराठीतला ‘नाकारणे’ फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. आपण विनंती नाकारतो, आरोप नाकारतो, परवानगी नाकारतो, प्रवेश नाकारतो. इंग्रजीत या चार वाटा आहेत. विनंती, ऑफर, आमंत्रण, अर्ज, प्रस्ताव, म्हणजे समोरून आलेली आणि आपण हो किंवा नाही म्हणायची गोष्ट, ती टर्न डाउन. आरोप मात्र ‘डिनाय’. ‘टर्न्ड डाउन द अ‍ॅलिगेशन’ असं लिहिलंत तर आरोप कुणीतरी ताटात वाढून आणला होता असं वाटेल. परवानगी ‘रिफ्यूज’ होते. परवानगीसाठी केलेला अर्ज टर्न डाउन होतो, परवानगी नव्हे. रजेचंही तसंच: ‘टर्न्ड डाउन माय लीव्ह’ कानाला लंगडं लागतं, ‘माय लीव्ह रिक्वेस्ट’ म्हणा. आणि बागा किनाऱ्यावरच्या क्लबच्या दारातून परत पाठवलं तर ‘वी वर टर्न्ड अवे’. डाउन नाही, अवे.

‘यायला नकार दिला’, ‘सही करायला नकार दिला’ अशी क्रिया मागे आली की टर्न डाउन पूर्ण बाद. त्याच्यामागे ‘टू’ लावून क्रियापद येत नाही, नामच लागतं. तिथे ‘रिफ्यूज्ड टू कम’, ‘रिफ्यूज्ड टू साइन’. पुस्तिकेने पेरलेली चूक ती हीच. कर्मणी रचना मात्र हवी तितकी करा, आणि तिथे ‘फॉर’ जोडता येतो: ‘आय वॉज टर्न्ड डाउन फॉर द लोन’, ‘फॉर द जॉब’. बँकेचं कर्ज, व्हिसा, नोकरी यांच्या रडगाण्यात ही रचना सतत लागते. वाचताना दिसली की उतरवून ठेवावी.

दुसरा अर्थ, कमी करणे. लाँगमन आणि ऑक्सफर्ड दोघेही यंत्राचं बटण किंवा नियंत्रण फिरवून उष्णता-आवाज कमी करणं असं सांगतात, आणि ते ‘यंत्र’च महत्त्वाचं. पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांसमोर आणा. रेडिओ, टीव्ही, गॅसची आच, दिवा, हीटर: ज्याला फिरवायची किंवा सरकवायची कळ आहे ते टर्न डाउन होतं. मराठीत ‘कमी करा’ सगळ्याला चालतं, म्हणून इथेही पाय घसरतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ‘टर्न डाउन द प्राइस’ म्हणू नका. किंमत ‘ब्रिंग डाउन’. गाडीचा वेग ‘स्लो डाउन’. गोड खाणं ‘कट डाउन ऑन’. यांतल्या कशालाच कळ नाही. या अर्थाचा विरुद्धार्थी ‘टर्न अप’, पण फक्त याच अर्थाचा. नाकारण्याच्या उलट ‘टर्न अप’ नसतो, ‘अ‍ॅक्सेप्ट’ असतो. ‘ही टर्न्ड अप’ म्हणजे तो हजर झाला, तेही बहुधा उशिरा किंवा न सांगता.

एसीचं प्रकरण वेगळं काढावं लागेल. ‘टर्न डाउन द एसी’ म्हणजे आकडा खाली आणून खोली थंड करायची, की गारवा कमी करायचा? इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही यावर वाद घालतात. काही जणांच्या डोक्यात तापमानाचा आकडा असतो, काहींच्या डोक्यात यंत्राचा जोर. हीटरच्या बाबतीत आकडा आणि जोर एकाच दिशेने जातात म्हणून तिथे घोळ नाही. एसीत ते उलटे जातात. रिसेप्शनवर बसणाऱ्याने अंदाज बांधू नये. ‘वुड यू लाइक इट कूलर ऑर वॉर्मर?’ एवढं विचारावं, आणि स्वतः बोलताना तर एसीपुढे टर्न डाउन वापरूच नये.

तिसरा, पलंगाचा अर्थ. चादर, पांघरूण किंवा कॉलर खाली दुमडणे. क्रियापदाच्या पानावर तो सापडला नाही, तर दोन शब्द जोडून ‘टर्नडाउन’ असा शोध द्यावा. हॉटेलातलं नाम तसंच लिहितात. लिखाणात जोड आणि तोड यांचा अर्थ आहे: जोडलं की नाम किंवा विशेषण, ‘टर्नडाउन सर्व्हिस’, तोडलं की क्रियापद, ‘शॅल आय टर्न डाउन द बेड?’ उच्चारातही फरक पडतो. नामात जोर ‘टर्न’वर, क्रियापदात ‘डाउन’वर. ‘चेक-इन’ आणि ‘चेक इन’, ‘पिक-अप’ आणि ‘पिक अप’ यांनाही हेच लागू. पाहुण्याने या सेवेला नको म्हटलं तर ‘द गेस्ट टर्न्ड डाउन टर्नडाउन’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण पाळीच्या वहीत असं लिहू नये. ‘डिक्लाइन्ड टर्नडाउन सर्व्हिस’ लिहावं.

‘डिक्लाइन’वरून आठवलं, सूर. कोशात हे शोधायला थोडं खणावं लागतं. बोलण्यात ‘टर्न डाउन’ अगदी साधा, ना उर्मट ना अदबीचा. पण पाहुण्याला पाठवलेल्या मेलमध्ये ‘वी टर्न्ड डाउन युअर रिक्वेस्ट’ लिहिलं की तोंडावर दार आपटल्यासारखं होतं. स्वतःच्या नकाराबद्दल बोलताना ‘डिक्लाइन’ किंवा ‘वी आर अनेबल टू’ ही वळणं; दुसऱ्याने दिलेला नकार सांगताना ‘टर्न डाउन’. ‘रिजेक्ट’ या दोघांहून कडक, त्यात माल खराब म्हणून फेकल्याचा वास आहे.

केंब्रिजचा मोठा फायदा पातळीचा. ए-वन ते सी-टू या युरोपीय मोजपट्टीतली पातळी तो अनेक अर्थांसमोर छापतो, आणि ती शब्दाला नव्हे, अर्थाला दिलेली असते. एकाच फ्रेझल व्हर्बचे पाच अर्थ दिसले तर कुठला आधी शिकायचा हे त्यावरून ठरवता येतं. नोकरी आठवड्यावर आलेल्या माणसाने बी-टूच्या वरचं सध्या सोडून द्यावं. केंब्रिजची खटकणारी गोष्ट म्हणजे ‘समवन’, ‘समथिंग’ हे नोंदीच्या डोक्यातच घुसवलेले; नवख्याला तो शब्दाचाच भाग वाटतो. एकदा सांगितलं की कळतं, पण सांगणारा जवळ असावा लागतो.

उच्चारासाठी लाँगमन पुन्हा पुढे. तिथे नुसता शब्द नाही, उदाहरणाची वाक्यंही ऐकता येतात, आणि फ्रेझल व्हर्ब वाक्यातच ऐकायची असते. ‘टर्न्ड डाउन’ बोलताना दोन ड एकमेकांत विरतात आणि भूतकाळ ऐकूच येत नाही. ‘टर्न डाउन’ आणि ‘टर्न्ड डाउन’ कानाला जवळजवळ एक. ‘इट’ मधे आलं की तोच ड त्याला चिकटतो: ‘टर्न डिट डाउन’. हे माहीत नसलं तर पाहुणा काहीतरी ‘डिट’ मागतोय असं वाटून माणूस भांबावतो. जोडीला यूग्लिश ही साइट ठेवावी. टाकलेला शब्दसमूह यूट्यूबच्या व्हिडिओंत जिथे बोलला गेला आहे नेमकी ती जागा ती वाजवून दाखवते, आणि अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे उच्चार निवडता येतात. फक्त ‘टर्न डाउन’ शोधून थांबू नका. ‘टर्न इट डाउन’ आणि ‘टर्न्ड मी डाउन’ वेगवेगळे शोधा. प्रत्येकी दहा तुकडे ऐकले की पुरे.

एकच कोश ठेवायचा तर आमचं मत लाँगमनला: बाण, वाक्यांचा आवाज, आणि सुमारे 2000 सोप्या शब्दांत बांधलेल्या व्याख्या, त्यामुळे अर्थ समजायला दुसरा अर्थ शोधावा लागत नाही. कर्म कुठलं चालतं याची शंका आली की कॉलिन्स. ऑक्सफर्ड उत्तम आहे, पण लाँगमन असताना रोज उघडला जाईल असं वाटत नाही. भाषांतराच्या यंत्रात सुटं ‘टर्न डाउन’ टाकू नये, त्याला संदर्भच मिळत नाही. टाकायचंच तर अख्खं वाक्य टाकावं.

वाचलेलं टिकवायला अंकी हे कार्डांचं अ‍ॅप: पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि कितपत आठवलं त्याचं बटण आपण दाबलं की कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते अ‍ॅप ठरवतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. कार्ड बनवताना बहुतेक जण पुढे ‘टर्न डाउन’ आणि मागे ‘नाकारणे’ लिहितात. म्हणजे पुस्तिकाच पुन्हा हाताने उतरवली. उलट करा. पुढे मराठी वाक्य, मागे पूर्ण इंग्रजी वाक्य, आणि एका फ्रेझल व्हर्बला पाच-सहा कार्डं. ‘साहेबांनी चवथीच्या रजेचा अर्ज नामंजूर केला.’ ‘आम्ही विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं’, इथे सर्वनाम मधे जातं का ते बघायचं. ‘मला कर्ज मिळालं नाही’, इथे ‘फॉर’. ‘आवाज जरा कमी करता का?’ याला ‘कुड यू टर्न इट डाउन अ बिट?’

त्यांत दोन कार्डं फसवी हवीत, ज्यांचं उत्तर टर्न डाउन नाहीच: ‘मंत्र्यांनी आरोप नाकारले’ आणि ‘बसचालकाने पुढे जायला नकार दिला’. पहिल्या काही दिवसांत हीच दोन कार्डं पुन्हा पुन्हा चुकतात. ती चुकली की अंकीत ‘अगेन’ दाबा, ‘हार्ड’ नको. ‘हार्ड’ म्हणजे आठवलं पण कष्टाने. इथे आठवलेलं नसतं, चुकीचं आठवलेलं असतं, आणि ‘हार्ड’ दाबलं की ते कार्ड लवकर परत येत नाही.